'ट्रू एचडीआर' टीव्ही : ३८,६४९ रुपयांना पडलेला बिल्ला

आकडे आधी. ५५ इंची टीव्ही ३१,९९०. 'आठ-के' एचडीएमआय केबल २,४९९. घरी येऊन 'कॅलिब्रेशन' १,८००. वाढीव वॉरंटी २,३६०. एकूण ३८,६४९ रुपये.

खोक्यावर ठळक अक्षरांत 'ट्रू एचडीआर१०'. एचडीआर म्हणजे उजळ भाग जास्त उजळ आणि काळा जास्त काळा दाखवणारं चित्र, एचडीआर१० हा त्याचा एक प्रकार. याचा अर्थ एवढाच, की टीव्ही एचडीआर१०चा सिग्नल घेतो. तो नीट दाखवण्याइतका उजेड पॅनेलमध्ये आहे की नाही, यावर ते अक्षर गप्प. पॅनेल निघालं २५० निट्सचं (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप), ८-बिट (म्हणजे रंगछटा कमी), लोकल डिमिंग (चित्राच्या काळ्या भागामागचा दिवा तेवढाच मंद करणं) नाही. एचडीआर१०मध्ये उजेड टक्क्यांत नाही, थेट निट्समध्ये लिहिलेला असतो आणि सिनेमे बहुधा १,००० किंवा ४,००० निट्स धरून तयार होतात. ते सगळं २५०मध्ये कोंबायचं म्हटल्यावर स्वस्त प्रोसेसर अख्खं चित्र खाली ओढतो. म्हणून तोच सिनेमा साध्या एसडीआरमध्ये, म्हणजे एचडीआरआधीच्या नेहमीच्या पद्धतीत, जास्त उजळ दिसतो!

कळायला हवं होतं ते दुकानातच. पेनड्राइव्हवरची क्लिप चालू होती. विक्रेत्याने इन्फोचं बटण दाबलं, वर पट्टी आली: ३८४० × २१६०, ६० हर्ट्झ, मोड 'विविड'. बस. एचडीआर सिग्नल आला की बहुतेक टीव्ही कोपऱ्यात एचडीआरचा बिल्ला दाखवतात, पिक्चर मोडचं नावही बदलतं. इथे दोन्ही नाही. म्हणजे साधी एसडीआर क्लिप, रंग भडक करून लावलेली. पट्टी चांगली पाच सेकंद डोळ्यांसमोर होती आणि तोंडातून एक प्रश्न निघाला नाही. निट्स म्हणजे काय हे माहीत नव्हतं असंही नाही. पण डोक्यावर दहा ट्यूबलाइट असताना काळा रंग राखाडी आहे हे कुणाच्या बापाला दिसणार? अंधार करा म्हटलं तर दुकानदार वेड्यात काढतो. काढू दे, तरी सांगा. स्वतःच्या पेनड्राइव्हवर खात्रीची एचडीआर क्लिप न्या.

तक्रार केल्यावर उत्तर मिळालं, 'केबल बदला.' शुद्ध लूट. केबल कमी पडली तर चित्र फिकं होत नाही. पांढरे ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होऊन परत येतो. या टीव्हीचं पोर्ट एचडीएमआय २.०, म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट. त्याला ४८ गिगाबिटची केबल लावून काय उपयोग? कॅलिब्रेशनवाल्याने बॅकलाइट १०० केला, पुन्हा 'विविड' लावलं आणि पावती फाडली.

दुकानात लॅपटॉप जोडून टीव्ही तपासणाऱ्यांनी आधी टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टचं 'एन्हान्स्ड' सेटिंग चालू करावं, नाहीतर बऱ्याच टीव्हींत विंडोजला एचडीआर दिसतच नाही. ६० हर्ट्झला ४के १०-बिट आरजीबी (रंगांची पूर्ण माहिती) १८ गिगाबिटमध्ये मावत नाही, ४:२:२ (रंगांची माहिती कमी करून पाठवणं) निवडा. सिनेमा २४ हर्ट्झला लावला तर आरजीबीही मावतं. विंडोज + ऑल्ट + बी दाबून एचडीआर चालू-बंद करत तुलना करा. डीएक्सडायग या विंडोजमधल्याच साधनाची माहिती सेव्ह करून त्यात 'डिस्प्ले ल्युमिनन्स', म्हणजे पडद्याचा उजेड, पाहा. तो आकडा टीव्हीच सांगतो, त्यामुळे मोठा असेल तर विश्वास ठेवू नका. लहान असेल तर मात्र तिथेच उठा.

आता ग्राहक हेल्पलाइन. तक्रार नोंदली, ती कंपनीकडे गेली, कंपनीने कळवलं 'उत्पादन एचडीआर१० सपोर्ट करते', आणि शेरा पडला: निवारण झाले. कुणाचं निवारण? फोन केला तर बाई म्हणाल्या, "कंपनीचं उत्तर आलंय ना सर, मग क्लोज होतं." निट्स हा शब्द तीनदा सांगितला, त्यांनी 'नेट' लिहून घेतलं. सर्व्हिस इंजिनिअरच्या अहवालात 'दोष आढळला नाही'. पोलीस ठाण्यात 'हा दिवाणी मामला'. खोटं कुणीच बोललं नाही, हाच तर संताप आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम २(२८)नुसार महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणारी जाहिरातही दिशाभूल करणारीच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. त्यासाठी बिल आहे, अहवाल आहे. 'ट्रू एचडीआर' छापलेलं खोकं मात्र थर्माकोलसकट भंगारवाल्याला दिलं, वीस रुपयांना.