किशोर खेळाडूंचे दुखापत-प्रतिबंधक व्यायाम: कोणता कार्यक्रम निवडावा?

सरावाची पहिली पंधरा-वीस मिनिटे कशाला द्यावीत, हे ठरवताना बरेच प्रशिक्षक एका जागी उभे राहून स्नायू ताणण्याच्या जुन्या सवयीकडेच वळतात. लवचिकतेसाठी हे ताण उपयोगी असले, तरी 2014 साली 25 चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून झालेल्या विश्लेषणात केवळ ताणण्याने दुखापती कमी झाल्याचे दिसले नाही, ताकदीच्या व्यायामांनी मात्र त्या एक तृतीयांशाहूनही खाली आल्या. म्हणून खरी निवड उरते ती पुढील दोन कार्यक्रमांत.

‘फिफा 11+’ या फुटबॉलपटूंसाठीच्या कार्यक्रमात पंधरा व्यायाम असून त्यांना सुमारे वीस मिनिटे लागतात. सुरुवातीला आणि शेवटी धावणे आणि मध्ये ताकद, उड्या व तोल, असा त्याचा क्रम आहे. नॉर्वेतील 13 ते 17 वर्षांच्या मुलींवर झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने, तर गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्या. सततच्या अतिताणातून होणाऱ्या दुखापतींमध्येही मोठी घट झाली.

स्वीडनचा ‘क्नेकॉन्ट्रोल’ म्हणजे गुडघ्यावर नियंत्रण मिळवण्याचा कार्यक्रम याहून आटोपशीर आहे. त्यात सहाच व्यायाम, पंधरा मिनिटे आणि आठवड्यातून दोन सत्रे आहेत. 12 ते 17 वर्षांच्या चार हजारांहून अधिक फुटबॉलपटू मुलींवरील चाचणीत एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतील पुढचा अस्थिबंध, फाटण्याचे प्रमाण 64 टक्क्यांनी कमी झाले. हा अस्थिबंध फाटल्यास खेळाडू अनेक महिने मैदानाबाहेर राहतो आणि वयात आल्यानंतर मुलींना त्याचा धोका मुलांपेक्षा अधिक असतो, त्यामुळे मुलींच्या संघासाठी मी नि:संकोचपणे याचीच शिफारस करेन. मिश्र संघाला, किंवा घोटा, मांडी व जांघ यांच्याही तक्रारी असलेल्या संघाला, ‘11+’ अधिक व्यापक ठरतो.

बारा वर्षांखालील मुलांना मात्र यांपैकी काहीच जसेच्या तसे देऊ नये. त्यांच्यासाठी ‘11+ किड्स’ ही वेगळी रचना असून तिच्यात पडताना स्वतःला सावरण्याचाही सराव आहे. वेगाने धावण्याच्या खेळात, थोड्या मोठ्या वयाच्या खेळाडूंसाठी, जोडीदाराने घोटे धरून ठेवल्यावर गुडघ्यांवरून सावकाश पुढे झुकण्याचा ‘नॉर्डिक’ व्यायाम जोडावा, कारण मांडीच्या मागील स्नायूंच्या दुखापती त्याने साधारण निम्म्या होतात. पहिले काही दिवस स्नायू बराच दुखतो, म्हणून आवर्तने अगदी थोड्यांपासून वाढवावीत.

दोन्ही कार्यक्रमांचा लाभ नियमितपणावर अवलंबून असल्याने, वीस मिनिटे दर वेळी देता येणार नसतील, तर पंधरा मिनिटांचाच कार्यक्रम निवडावा. उडीवरून उतरताना गुडघा आत वळत असेल, तर खेळाडूला व्यायामाच्या पुढच्या, अधिक अवघड पातळीवर नेऊ नये; संघातील इतर पुढे गेले असले तरीही त्याला आधीच्या पातळीवरच ठेवावे.