कोस्टल की फॉरेन? आधी बंदरांची यादी मागा

हातात दोन ऑफर आहेत. एक भारतीय झेंड्याच्या कोस्टल, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर फिरणाऱ्या बल्क कॅरियरची (कोळशासारखा सुटा माल नेणारं जहाज), दुसरी मार्शल आयलंड्सच्या झेंड्याखाली, म्हणजे त्या देशात नोंदलेल्या, जगभर फिरणाऱ्या बल्कची, तिला आपण फॉरेन म्हणतो. अशा वेळी आपल्याकडे बोलणं पगार आणि एनआरआयच्या दिवसांपाशीच (करसवलतीसाठी देशाबाहेर काढायचे दिवस) अडतं. तो हिशेब प्रत्येकाने केलेला असतो, म्हणून सोडून देतो. मी सेकंड मेट (कॅप्टन आणि चीफ मेटच्या खालचा अधिकारी) म्हणून दोन्हीकडे काम केलं आहे, आधी कोस्टल, मग फॉरेन. तेव्हा लिहितोय ते या दोन अनुभवांपुरतं.

कोस्टलचं सुख खरं आहे. पारादीपला कोळसा भरायचा, एन्नोरला किंवा तुतिकोरिनला उतरवायचा. नांगरावर असताना बहुतेक वेळा फोनला रेंज असायची, मेसमध्ये रोज आपल्या चवीचं जेवण. वडिलांचं ऑपरेशन अचानक ठरलं, तेव्हा एन्नोरला साइन ऑफ करून, म्हणजे जहाजावरून उतरून, मी तिसऱ्या दिवशी चिपळूणला पोहोचलो होतो. फॉरेनच्या जहाजावरून, भर समुद्रात असताना, हे जमलंच नसतं. ज्यांच्या घरी आजारपण आहे किंवा लहान मूल आहे, त्यांनी पुढचं वाचण्याआधी हे वजनात धरावं.

कोस्टलवर मला खुपलं ते रेस्ट अवर्सचं शीट, म्हणजे प्रत्येकाच्या विश्रांतीच्या तासांची नोंद.

नियम दोन्ही जहाजांना एकच. कोणत्याही 24 तासांत किमान 10 तास विश्रांती, 7 दिवसांत 77 तास. दिवसाची विश्रांती फार तर दोन तुकड्यांत घ्यायची, त्यातला एक तुकडा किमान 6 तासांचा. हा नियम ज्यात आहे तो एमएलसी, म्हणजे खलाशांच्या कामाचा आंतरराष्ट्रीय करार, 20 ऑगस्ट 2013 पासून लागू आहे, भारताने तो 2015 मध्ये स्वीकारला. हे वर्गात सगळ्यांनी घोकलेलं असतं.

आता कोस्टलवरचा माझा एक नेहमीचा दिवस सांगतो. मध्यरात्री बारा ते चार ब्रिजवर (जहाज चालवतात ती खोली) वॉच, म्हणजे पहारा. साडेपाचला जहाज बंदरात नेणारा पायलट, म्हणून मी आफ्ट स्टेशनला, म्हणजे जहाजाच्या मागच्या टोकाला दोर बांधायला. दोर बांधून मोकळा होईतो साडेआठ. बारा वाजता कार्गो वॉच, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख, तो संध्याकाळी सहापर्यंत. संध्याकाळी सहा ते बारा धरले तर विश्रांतीचे तास अकरा भरतात, पण तुकडे तीन होतात. मधले दोन तर दीड आणि साडेतीन तासांचे. कॉम्प्युटरवरचा तो चौकोन लगेच लाल होतो. मग सांगितलं जायचं, शीट हिरवी करून ठेव. म्हणजे पहाटे चार ते दुपारी बारा मी झोपलो होतो असं लिहायचं. महिनाअखेरीस त्यावर माझी सही.

वरिष्ठ वाईट होते असं मी म्हणणार नाही. दोन दिवसांत पुढचं बंदर, माणसं मोजकीच, वीजकेंद्राला कोळसा हवा. तेही माझ्याइतकेच जागे असायचे. पण एका पहाटे आफ्टला विंचजवळ (दोर ओढायचं यंत्र) उभा असताना काही क्षण डोळा लागला आणि समोर ताणलेला दोर होता. कागदावर मी तेव्हा केबिनमध्ये झोपलेला होतो. काही झालं असतं तर चूक माझी ठरली असती, माझ्याच सहीने.

फॉरेनच्या पहिल्याच ट्रिपमध्ये पोर्ट हेडलंडला ऑस्ट्रेलियाच्या एएमएसएचा (तिथली सागरी सुरक्षा यंत्रणा) इन्स्पेक्टर चढला. त्याने बेल बुक (बंदरात येता-जाताना घडलेल्या गोष्टींच्या वेळांची वही) मागितलं, माझं रेस्ट शीट मागितलं आणि दोन्ही शेजारी ठेवून स्टेशनच्या वेळा ताडून पाहिल्या. तेवढ्यासाठीच त्या जहाजावर शीट खरी लिहिली जायची. वॉचनंतर स्टेशन आलं की कॅप्टन आफ्टला चीफ मेटला पाठवायचे. शिवाय चीनपर्यंत बारा-तेरा दिवस मध्ये बंदर नाही, झोप भरून निघते.

फरक झेंड्याच्या चांगुलपणाचा नाही, तपासणाऱ्याचा आहे. पोर्ट स्टेट कंट्रोल, म्हणजे बंदराच्या देशाची तपासणी, परदेशी जहाजांवर चढतं. आपल्याच किनाऱ्यावर फिरणाऱ्या भारतीय जहाजाकडे ते येत नाही. तिथे पाहायचं काम आपल्याच प्रशासनाचं, आणि तो माणूस मला क्वचितच भेटला. एमएलसीच्या प्रमाणपत्राची सक्तीही करारात मुख्यतः आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या 500 जीटी (जहाजाच्या आकारमानाचं माप) आणि त्यावरच्या जहाजांना आहे. ऑस्ट्रेलियात मात्र जहाज अडकू शकतं, गंभीर प्रकरणात काही महिने बंदरबंदीही होते. ही धास्ती मालकाला असते, म्हणून आपल्याला झोप मिळते.

फॉरेनचे तोटे लपवत नाही. माझा रिलीफ, म्हणजे माझ्या जागी येणारा माणूस, एकदा पाच आठवडे लांबला. मार्शल आयलंड्सची रजिस्ट्री, म्हणजे जहाजनोंदणी, चालते अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून, लायबेरियाचीही तशीच. घरच्यांनी सहज जाऊन उभं राहावं असं मुख्य ऑफिस जवळ नाही. भारतीय झेंड्याला मुंबईत डीजी शिपिंग, म्हणजे सरकारचं जहाजवाहतूक खातं, तरी आहे. तांबड्या समुद्राची आणि शेजारच्या एडनच्या आखाताची काळजी वेगळीच. मार्च 2024 मध्ये एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या बल्कवर क्षेपणास्त्र आदळून तीन खलाशी गेले. असल्या भागाबद्दल करारात काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा, आणि एजंटकडे चालू आरपीएसएल (खलाशी भरतीचा सरकारी परवाना) आहे का तेही बघा.

सगळ्या कोस्टल जहाजांवर असंच चालतं असा माझा दावा नाही. चांगल्या मॅनिंगची, म्हणजे पुरेशी माणसं असलेली, कोस्टल जहाजंही आहेत, माझा एक बॅचमेट तिथे समाधानाने आहे. तसंच परदेशी झेंड्याचं जहाज कायम तपासणी ढिली असलेल्याच बंदरांत फिरत असेल, तर माझं वरचं म्हणणं त्याला लागू पडत नाही. म्हणून मुलाखतीत मागच्या वर्षभराची बंदरं विचारा. ऑस्ट्रेलिया, युरोप, अमेरिका त्यात असेल आणि घरची अडचण नसेल, तर मी फॉरेन घेईन. घेतलंच आहे.

आणि शीटची प्रत दर महिन्याला मागून घ्या, एमएलसीने तो हक्क दिला आहे. माझ्या घरी दोन फायली आहेत. कोस्टलची आजही उघडवत नाही.