रॉबर्ट जॉन्सनचा दोन सीडींचा संच, आठ महिन्यांनंतर

सीडी प्लेअरची लेन्स गेली नसती तर हे लिहायला बसलो नसतो.

कोलंबियाचा 1990 चा 'द कम्प्लीट रेकॉर्डिंग्ज' मी जुन्या सीडी विकणाऱ्याकडून दीड हजाराला घेतला. जॉन्सन म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतातला गायक आणि गिटारवादक. 27 व्या वर्षी, ऑगस्ट 1938 मध्ये मिसिसिपीत गेला. मागे उरलं ते नोव्हेंबर 1936 मध्ये सॅन अँटोनिओत आणि जून 1937 मध्ये डॅलसला केलेलं ध्वनिमुद्रण.

पहिले दोन महिने नुसता संताप. ट्रॅक 41, गाणी 29च! उरलेले 12 म्हणजे त्यांतल्याच गाण्यांचे दुसरे टेक (तेच गाणं पुन्हा गाऊन केलेलं ध्वनिमुद्रण), आणि तेही शेवटी वेगळे नाहीत, एकाला लागून एक. 'काइंड हार्टेड वुमन ब्लूज' संपतंय तोच पुन्हा तेच. रात्री भांडी घासताना लावलं की ओल्या हाताने रिमोट शोधायचा. दीड हजार मोजून एकच गाणं दोनदा कशाला ऐकायचं? विकूनच टाकणार होतो.

मग लेन्स गेली. दुरुस्तीवाल्याने चार दिवस सांगून प्लेअर सहा आठवडे ठेवून घेतला. फोन केला की "पार्ट आला नाही". तोवर मोबाइलवर एकेकच टेक असलेली यादी ऐकत होतो. गाणी ओळीने येत होती, रिमोटची गरज नव्हती, पण 'कम ऑन इन माय किचन' लागलं आणि घाई झाल्यासारखं वाटलं. मला हवा होता तो संथ टेक. त्यात जॉन्सन मध्येच आवाज खाली आणतो, वारा घोंगावतोय तो ऐकू येत नाही का, असं विचारतो, आणि गिटारच्या तारेवर सरकवायची नळी, म्हणजे स्लाइड, तो वारा काढून दाखवते. कंपनीने तेव्हा तबकडीवर घातला तो जलद टेक. संथ टेक लोकांना मिळाला 1961 च्या एलपीवर. संचात दोन्ही शेजारी होते आणि मी दुसरा पुढे ढकलत होतो.

प्लेअर परत आल्यावर (900 रुपये, वर दोन फेऱ्या) जोड्या मुद्दाम ऐकल्या. 'काइंड हार्टेड वुमन'च्या पहिल्या टेकमध्ये गिटारचा सोलो (गाणं थांबवून नुसत्या गिटारचा तुकडा) आहे, त्याने ध्वनिमुद्रित केलेला एकमेव. दुसऱ्यात तो नाही. तबकडीला जेमतेम तीन मिनिटं. त्याच दशकात अब्दुल करीम खाँसाहेबही राग तेवढ्यातच बसवत होते. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे त्याचं ठरवणं शेजारचे टेक ऐकताना कळतं.

म्हणूनच चौकात सैतानाला आत्मा विकून जॉन्सनने ही कला मिळवली, या गोष्टीची मला चीड येते. 'क्रॉस रोड ब्लूज'चे दोन्ही टेक ऐका. सैतानाचं नाव नाही. माणूस गुडघे टेकून देवाकडे दया मागतोय आणि त्याच्यासाठी एकही गाडी थांबत नाही. आइक झिमरमन या गिटारवादकाजवळ बसून, घासून शिकलेल्या कलाकाराच्या कष्टाचं श्रेय सैतानाला का द्यायचं?

घेणार असाल तर आधी ट्रॅकचा क्रम बघा. टेक शेजारी नसतील तर मी घेणार नाही. दुसऱ्या सीडीवर 'लव्ह इन व्हेन'ची जोडी आहे. तिच्यातला फरक मला अजून नीट पकडता आलेला नाही. रोज रात्री एकदा लावतो.