पुढची चाकं फिरतच नव्हती

मला जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद पोचवणारी गाडी, विकणाऱ्या दलालानं सांगितलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्या होत्या. हे सविस्तर लिहायचं कारणच ते. धडधडीत थापा मारणारा विकणारा दोन वाक्यांत ओळखू येतो. हा गडी खरं बोलत बोलत मला टोपी घालून गेला.

स्पोर्ट्स कारच्या वेडातून ऑफ-रोडकडे वळणारे आता बरेच आहेत आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात आपल्याइतकं सोपं गिऱ्हाईक नाही. आपल्याला गाड्यांतलं कळत नाही असं नाही. उलट बरंच कळतं. इंजिनाच्या आवाजावरून टॅपेट ढिले आहेत का ते कळतं, क्लच कुठे पकडतो ते पायाला कळतं, ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग कुठल्या बाजूला ओढतंय ते हाताला कळतं. पण हे सगळं शहाणपण डांबरावर वेगात धावणाऱ्या गाडीचं. फोर बाय फोरमधला घोटाळा डांबरावर दिसतच नाही, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

माझ्याकडे दोन सीटांची, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार होती. ती देऊन वर थोडे पैसे घालायचे आणि मजबूत चासीची, पुढे-मागे अख्खे ॲक्सल (दोन चाकं जोडणारे दांडे) असलेली जुनी फोर बाय फोर घ्यायची, असा व्यवहार ठरत होता. दलालाचा अभ्यास दांडगा. पोर्शेनं १९८४ साली पॅरिस–डकार रॅली जिंकली ती ९११ ला चारही चाकांवर चालवून, १९८६ ला ९५९ नं पुन्हा जिंकली, आणि त्याच १९८६ मध्ये लॅम्बोर्गिनीनं काउंटाशचं व्ही-१२ इंजिन घालून एलएम ००२ नावाचं धूड बाजारात आणलं, हे सगळं त्यानं घडाघडा सांगितलं. "मग साहेब, तुम्ही काय वेगळं करताय?" असं वर. सगळं खरं. ज्याला एवढं माहीत आहे तो आपल्यातलाच, असं समोरच्याला वाटावं यासाठीच ते होतं.

गाडी दिसायला देखणी. मोठे मड-टेरेन टायर, तीन इंची लिफ्ट, स्नॉर्केल (पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा देणारा पाइप), पुढे विंच, डॅशबोर्डवर मागच्या लॉकरचं, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकमेकांना जखडणाऱ्या यंत्रणेचं, लाल टोपणाचं बटण. खाली वाकून पाहिलं तर सगळीकडे ताजा काळा कोट आणि पोटाखाली जाडजूड स्किड प्लेट. डांबरावर चालवली तेव्हा गाडी सरळ जात होती, गिअर नीट पडत होते, इंजिन साफ होतं. "फोर बाय फोर लावून बघू का?" विचारलं, तर तो म्हणाला, "डांबरावर नको साहेब, ट्रान्समिशनवर ताण येतो."

हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. नवख्यांना ते नीट कळणं गरजेचं आहे, म्हणून जरा थांबतो. वेगासाठी केलेल्या बहुतेक ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या वेगातला फरक सामावून घ्यायला मध्ये डिफरन्शियल किंवा क्लच असतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात, तो फरक तिथे जिरतो. जुन्या पद्धतीच्या पार्ट-टाइम (गरजेपुरती लावायच्या) फोर बाय फोरमध्ये मध्ये काहीच नसतं. लिव्हर टाकला की ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरांची पेटी) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडून टाकते. मातीवर टायर थोडे घसरतात आणि फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाहीत, म्हणून पीळ शाफ्ट आणि गिअरांत साठतो. तेव्हा त्याचा सल्ला बरोबरच होता. फक्त तो सल्ला माझ्या भल्यासाठी नव्हता.

मी आग्रह धरल्यावर त्यानं गाडी खडीच्या मोकळ्या जागेत नेली. फोर हाय (नेहमीच्या वेगाची फोर बाय फोर) टाकलं, डॅशवर हिरवा दिवा लागला. स्टिअरिंग पूर्ण तोडून, म्हणजे शेवटपर्यंत वळवून, गाडी गोल फिरवली. गाडी इतकी अलगद वळली की तो म्हणाला, "बघा, लोण्यासारखी." मग लो रेंज, म्हणजे वेग कमी, ताकद जास्त. इंजिन गुरगुरलं, गाडी मुंगीच्या पावलानं पुढे सरकली. स्पोर्ट्स कारवाल्याला अलगद, झटके न देता वळणारी गाडी आवडते, हे त्यानं हेरलं होतं. पार्ट-टाइम फोर बाय फोर पूर्ण स्टिअरिंग तोडून फोर हायमध्ये वळवली तर ती खडीवरसुद्धा थोडी कुरकुरते. स्टिअरिंग हाताला ओढ देतं, टायर खडी खरवडतात, गाडी अडून अडून फिरते. हे दुखणं नव्हे, पुढच्या चाकांना ताकद पोचत असल्याची ती खूण आहे. काहीच जाणवलं नाही तर तिथेच गाडीतून उतरा.

पहिल्यांदा चिखलात गेलो ती जागा अगदी किरकोळ होती. ओलसर चढ, मध्ये एक चर. फोर लो टाकलेलं, दिवा लागलेला. मागचं डावं चाक चरात लोंबकळलं आणि जागच्या जागी फिरायला लागलं. लॉकरचं लाल टोपण उघडून बटण दाबलं, तोही दिवा लागला. तरी फिरत होतं ते एकच चाक. बाहेर उभा असलेला मित्र गुडघ्यावर बसून गाडीखाली बघत होता. "अरे, थांब, थांब," तो ओरडला. "पुढची चाकं फिरतच नाहीयेत!" फोर बाय फोरचे सगळे दिवे लागलेली ती गाडी प्रत्यक्षात एका चाकावर चालत होती.

गॅरेजमध्ये गाडी वर घेतली आणि मेकॅनिकनं स्किड प्लेट उतरवली. ट्रान्सफर केसपासून पुढच्या डिफरन्शियलकडे (ॲक्सलमधल्या, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरांकडे) जाणारा प्रॉपेलर शाफ्ट जागेवर नव्हता. दोन्ही टोकांचे फ्लँज (शाफ्ट जोडायच्या चकत्या) मोकळे, आणि त्यांच्या चार-चार बोल्टांच्या भोकांत आतल्या कडेपर्यंत तोच काळा कोट बसलेला. हे मला महत्त्वाचं वाटलं. शाफ्ट लावलेला असता तर कोट भोकांत गेला नसता. म्हणजे ज्यानं गाडी विक्रीसाठी रंगवली, त्यानं शाफ्ट नाही हे बघत रंगवली. हिरव्या दिव्याचं कोडंही तिथेच सुटलं. तो दिवा ट्रान्सफर केसवरच्या स्विचमुळे लागतो. आतला गिअर सरकला की स्विच दाबला जातो. पुढे शाफ्ट आहे की हवा, याच्याशी दिव्याला घेणंदेणं नाही. लो रेंजही ट्रान्सफर केसमध्येच तयार होते, म्हणून ती मागच्या चाकांवर व्यवस्थित चालली.

लॉकरच्या बटणामागे दोन वायरी निघाल्या. एक फ्यूजमधून आलेली, दुसरी अर्थिंगची. मागच्या ॲक्सलकडे एकही वायर जात नव्हती, हवेची नळीही नव्हती. हे बटण दिवा लावायचं बटण होतं. लॉकर तपासायला गाडी चिखलात न्यायची गरज नाही. मागची दोन्ही चाकं जॅकवर उचला, पुढच्या चाकांना लाकडं लावा, लॉकर चालू करा आणि एक चाक हातानं फिरवा. दुसरं त्याच दिशेला फिरलं तर लॉकर आहे. उलट्या दिशेला फिरलं तर साधं डिफरन्शियल आहे. काही लॉकर इंजिन चालू असल्याशिवाय किंवा लो रेंज टाकल्याशिवाय लागत नाहीत, तेव्हा आधी मॅन्युअल बघा आणि मदतीला अनुभवी मेकॅनिक घ्या.

इथपर्यंत मला वाटत होतं, एक शाफ्ट आणून बसवला की झालं. खरी मेख पुढे होती. जुना शाफ्ट मिळाला, बसवला, मातीच्या रस्त्यावर फोर हाय टाकलं आणि गाडी सरळ जातानाच धडधडायला लागली. सरळ रस्त्यावर पीळ साठायचं कारणच नसतं. मेकॅनिकनं लगेच थांबायला सांगितलं आणि खाली जाऊन दोन्ही ॲक्सलांचे रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे फिरतो ते, मोजले. याची घरच्या घरी करण्यासारखी पद्धत आहे. गाडी चांगल्या स्टँडवर, गिअर न्यूट्रल, शाफ्टवर खडूची खूण. त्या ॲक्सलचं एक चाक घट्ट धरून ठेवायचं आणि दुसरं बरोबर दोन फेरे फिरवायचं. तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे फिरला, तितका रेशो. पुढे शाफ्ट पावणेचारच्या किंचित अलीकडे थांबला, म्हणजे ३.७३. मागे चार फेरे पुरे करून थोडा पुढे गेला, म्हणजे ४.१०.

कधीतरी मागचा अख्खा ॲक्सल दुसऱ्या गाडीचा बसवला होता. फोर हायमध्ये दोन्ही शाफ्ट एकाच वेगानं फिरतात. त्यामुळे पुढची चाकं १०० फेरे फिरताना मागची साधारण ९१ च फिरू बघतात. म्हणजे दर फेऱ्याला पुढची चाकं गाडीला ओढणार आणि मागची तिला अडवणार. असं चालवत राहिलं तर आज ना उद्या शाफ्टचा जॉइंट किंवा ट्रान्सफर केस जाणारच. शाफ्ट काढून ठेवण्याचं कारण हे. रेशो सारखे करायचे तर एका ॲक्सलचं क्राऊन-पिनियन (रेशो ठरवणारी गिअरांची जोडी) बदलायचं, आणि ते बसवणं कुशल हाताचं, खर्चाचं काम. त्यापेक्षा शाफ्ट काढायचा, वर प्लेट लावायची, काळा कोट मारायचा आणि डांबराची सवय असलेलं गिऱ्हाईक शोधायचं, हे स्वस्त.

बाकीची सजावट मग एकेक करून उघडी पडली. तीन इंची लिफ्ट म्हणजे स्प्रिंगवर ठेवलेले स्पेसर, शॉकॲब्सॉर्बर मूळच्याच लांबीचे. म्हणजे उंची वाढली, पण चाक खाली जायला वाव वाढला नाही. स्नॉर्केलचा पाइप फेंडरपर्यंत येऊन थांबलेला, एअर बॉक्स अजून जुन्याच जागेवरून हवा घेत होता. इंजिन चालू ठेवून स्नॉर्केलच्या तोंडावर हात दाबला तर इंजिन गुदमरायला हवं. माझं खुशाल चालत राहिलं. त्याच्या भरवशावर पाण्यात घातली असती तर इंजिनानं पाणी प्यायलं असतं. डिफरन्शियलचं तेल दुधाळ निघालं, म्हणजे कधीतरी गाडी पाण्यात गेली होती आणि पाणी आतही शिरलं होतं. टायरवरचा चार आकडी कोड २३१६ होता: २०१६ सालचा २३वा आठवडा. खाचा भरपूर, रबर म्हातारं. आणि मोठ्या टायरांवर किलोमीटर कमी मोजले जातात ही साधी गोष्ट जाहिरातीत कोणी लिहीत नाही. मूळ २९ इंची टायरच्या जागी ३३ इंची असतील आणि मीटर जुळवून घेतला नसेल, तर मीटरवरचे ५०,००० म्हणजे खरे जवळजवळ ५७,०००. यात मीटर मागे फिरवायचीही गरज पडत नाही.

दलालाला फोन केला तेव्हा त्याचा आवाज चढला नाही, हे कबूल करायला हवं. "साहेब, मी तेव्हाच म्हणालो होतो, डांबरावर फोर बाय फोर लावू नका." मग म्हणे, पुढचा शाफ्ट काढून ठेवणं हे सगळेच करतात, त्यानं इंधन वाचतं. काही लोक करतात हेही खरंच, पण ते गाडी विकताना तसं सांगतात. कागदावर "जशी आहे तशी" असं लिहिलेलं, खाली माझी सही. माझी स्पोर्ट्स कार परत द्या म्हटलं, तर ती तोवर विकली गेली होती. अदलाबदलीच्या व्यवहारातली ही पाचर लक्षात ठेवा. आपली गाडी त्याच्या हातात गेली की व्यवहार उलटवायला आपल्याकडे काही उरत नाही. शक्य असेल तर आपली गाडी वेगळी विका, त्याला नाही.

तडजोड झाली ती एकाच गोष्टीवर. गाडी बघायला जाण्याआधी मी मोबाइलवर विचारलं होतं, "रिअर लॉकर चालू आहे ना?" आणि त्यानं लिहून पाठवलं होतं, "हो, फुल वर्किंग." लिफ्ट, स्नॉर्केल, फोर बाय फोर, सगळ्यावर तो शब्दांत कुठे अडकत नव्हता. लिफ्ट होती, स्नॉर्केल होता, ट्रान्सफर केसही होती. लॉकर मात्र नव्हता आणि "आहे" हे लेखी होतं. बरीच घासाघीस करून त्यानं लॉकरच्या किमतीचा काही भाग दिला. रेशोबद्दल तो आधीच्या मालकाकडे बोट दाखवत राहिला, आणि ते खोटं आहे हे मला सिद्ध करता आलं नाही. भोकांतल्या काळ्या कोटाचे फोटो दाखवले तेव्हा तो गप्प बसला, पण पैसे सुटले नाहीत.

आता पुढच्या ॲक्सलचं क्राऊन-पिनियन ४.१० चं करून घेतोय. तोवर शाफ्ट पुन्हा काढून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलाय. ज्यांचं असंच काही ठरत असेल त्यांनी गाडी बघायला जायच्या आधी एवढं लेखी विचारून घ्या: पुढचा प्रॉपेलर शाफ्ट बसवलेला आहे का, दोन्ही ॲक्सलांचे रेशो किती, लॉकर कुठल्या बनावटीचा आणि तो कशावर चालतो, वायरवर की हवेवर. आणि बघताना स्किड प्लेट उतरवून दाखवायला सांगा. चार-सहा बोल्टांचं काम असतं. "प्लेट कशाला काढायची साहेब, पोट एकदम साफ आहे," असं तो मला म्हणाला होता. साफ होतं खरं, शाफ्टच नव्हता तिथे.