डिपेंडन्सी अडकली की अॅप्ट की अॅप्टिट्यूड?

अॅप्ट आणि अॅप्टिट्यूड ही डेबियन लिनक्सवर सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवणारी दोन साधनं. रोजच्या इन्स्टॉल-अपडेटला अॅप्ट पुरतं, त्यात वाद नाही. निवड करायची वेळ येते ती डिपेंडन्सी, म्हणजे एका पॅकेजला लागणारं दुसरं पॅकेज, न जुळल्याने काम मध्येच अडकल्यावर.

नेहमी दिसणारी अडचण घ्या. डेबियन १२ वर ‘लिबएसएसएल-डेव्ह’ (प्रोग्रॅम बनवताना लागणारं डेव्ह पॅकेज) टाकायला जावं, तर ते ‘लिबएसएसएल३’ या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची ठरावीक व्हर्जन मागतं आणि मशीनवर त्याहून नवी बसलेली असते. डेव्ह पॅकेज आपल्या लायब्ररीशी ‘=’ या चिन्हाने बांधलेलं असतं, त्यामुळे नवी व्हर्जनही त्याला चालत नाही.

इथे अॅप्ट अडलेलं नाव दाखवतं, पण शेवटी लिहितं: ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’. माझा कौल फिरला तो या एका ओळीमुळे. वाचणारा साहजिकच होल्ड (व्हर्जन बदलू नये म्हणून रोखून ठेवलेलं पॅकेज) शोधायला लागतो, ‘अॅप्ट-मार्क शोहोल्ड’ चालवतो आणि हाती काहीच लागत नाही. बहुतेक वेळा कुणी होल्ड केलेलंच नसतं. अॅप्टला मेळ बसवता आला नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग ‘--फिक्स-ब्रोकन’ मारून पाहिलं जातं. ते अर्धवट बसलेली पॅकेजं सावरतं. इथे तर अजून काही बसलेलंच नाही, म्हणून त्याचा उपयोग होत नाही.

अॅप्टिट्यूड वेगळं वागतं. ‘अॅप्टिट्यूड -एस इन्स्टॉल लिबएसएसएल-डेव्ह’ दिलं की काही न बदलता उपाय समोर ठेवतं. पहिला उपाय बहुधा ‘आहे तसं राहू द्या’ असाच असतो, तो पाहून बंद करू नका. ‘एन’ दाबा. पुढचा येतो: लिबएसएसएल३ खाली उतरवा, आणि शेजारी जुनी-नवी व्हर्जन. बसलेल्या व्हर्जनपुढे कंसात नुसतं ‘नाऊ’ असेल, तर ती आता कुठल्याच रेपॉझिटरीत (पॅकेजांच्या भांडारात) नाही. दुखणं तिथेच आहे. एक तर सोर्सेसमधून, म्हणजे रेपॉझिटरींच्या यादीतून, सिक्युरिटी अपडेट्सची ओळ गळली आहे, किंवा बाहेरची रेपॉझिटरी काढली आणि तिचं पॅकेज मागे राहिलं. ओळ गळली असेल तर ती परत घालून ‘अॅप्ट अपडेट’ करा. व्हर्जन उतरवायची गरजच नाही.

एखाद्या उपायात ओपनएसएसएच-सर्व्हर (दुरून लॉगिन करू देणारं पॅकेज) काढायला निघालं, तर ‘आर ओपनएसएसएच-सर्व्हर अनइन्स्ट’ लिहा (कमांड अर्थात रोमन अक्षरांत, अनइन्स्ट कॅपिटलमध्ये). मग ते पॅकेज काढणारे उपाय दाखवले जात नाहीत.

अॅप्टची बाजूही मोठी आहे. ‘अॅप्ट पॉलिसी लिबएसएसएल३’ हेच निदान दोन ओळींत देतं: तीन चांदण्यांच्या व्हर्जनखाली फक्त ‘१००’ आणि डीपीकेजीच्या (अॅप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या) स्टेटस फाइलचा पत्ता दिसला, की ती व्हर्जन कुठल्याच रेपॉझिटरीत नाही असं समजायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मधलं अॅप्ट ३.० काढली जाणारी पॅकेजं लाल रंगात दाखवतं, ही सोय मोलाची. स्क्रिप्टसाठी तर अॅप्टची जुनी कमांड, अॅप्ट-गेटच बरी. हे निदान अंगवळणी पडलं असेल, तर कदाचित अॅप्टिट्यूड लागणारही नाही.

तरीही, कारण माहीत नसताना अडकलेल्या माणसाने आधी अॅप्टिट्यूड उघडावं असं मला वाटतं. ते आपोआप आलेली पण आता कुणाला न लागणारी पॅकेजंही त्याच फेरीत काढून टाकतं. म्हणून ‘वाय’ दाबण्याआधी काढायच्या पॅकेजांची यादी शेवटपर्यंत वाचा.