बदलीच्या वर्क परमिटसाठी घेतलेली सल्लागार सेवा: तीन फायलींनंतरचे मत

गेल्या दोन वर्षांत आमच्या विभागातील तिघांची कंपनीच्या परदेशातील शाखांमध्ये बदली झाली. एक सहकारी अमेरिकेत गेला, एक नेदरलँड्समध्ये आणि एक जपानमध्ये. तिन्ही परवान्यांचे काम कंपनीने एकाच सल्लागार संस्थेकडे दिले होते आणि विभागप्रमुख म्हणून तिन्ही फायलींवरील शिफारसपत्रे माझ्या सहीने गेली. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण माझ्या तक्रारी या एका संस्थेपेक्षा अशा सेवेच्या एकूण पद्धतीविषयी आहेत.

आधी जे चांगले आहे ते. कागदपत्रे गोळा करण्यात ही मंडळी वाकबगार आहेत. कोणत्या देशासाठी कोणता कागद, त्याचे भाषांतर लागते की साक्षांकन, पासपोर्टची मुदत पुरेशी आहे की नाही, हे सारे त्यांच्या पोर्टलवर दिसते. जपानची फाइल तर त्यांनी निर्दोष हाताळली. तेथे पात्रता प्रमाणपत्रासाठी तिथल्या शाखेने अर्ज करायचा असतो आणि ते जारी झाल्यापासून ३ महिन्यांत जपानमध्ये दाखल व्हावे लागते. आमच्या सहकाऱ्याला हातातले काम संपवायला वेळ हवा होता, तेव्हा अर्जच काही आठवडे उशिरा करण्याचा सल्ला संस्थेने स्वतःहून दिला. बदलीपूर्वी सलग एक वर्षाची नोकरी दाखवण्यासाठी केवळ नियुक्तिपत्र न जोडता पगाराच्या पावत्याही जोडून घेतल्या. या एका फाइलपुरते मी पूर्ण गुण देईन.

अमेरिकेच्या फाइलबाबत तसे म्हणता येत नाही. एल-१बी या व्हिसाच्या वर्गात कर्मचाऱ्याकडे कंपनीविषयीचे विशेष ज्ञान आहे, हे कंपनीने सिद्ध करायचे असते. मागील ३ वर्षांत एक सलग वर्ष परदेशातील संबंधित कंपनीत काम केलेले असणे ही अट सोपी आहे, ती तारखांनी भागते. विशेष ज्ञान मात्र तारखांनी सिद्ध होत नाही. संस्थेने मला बारा ओळींचा एक अर्ज पाठवला, मी तो दोन बैठकांच्या मधल्या वीस मिनिटांत भरला आणि त्यावरून त्यांनी तीन पानी पत्र तयार केले. ‘सखोल ज्ञान’, ‘अत्यंत अनुभवी’, ‘महत्त्वाची भूमिका’ अशा शब्दांनी ते इतके भरले होते की नाव बदलले असते तर विभागातल्या कोणालाही लागू पडले असते. मीही ते न कुरकुरता सही करून परत पाठवले, हे येथे नोंदवले पाहिजे.

अपेक्षेप्रमाणे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडून आणखी पुराव्याची मागणी आली. या माणसाला असे काय येते जे याच धंद्यातल्या इतरांना येत नाही, ते दुसऱ्याला शिकवायला किती काळ लागेल आणि तो प्रत्यक्षात बसणार कुठे, हे त्यांना हवे होते. तिसरा प्रश्न संस्थेने आम्हाला कधीच विचारला नव्हता. २००४ च्या कायद्याने, एल-१बीवरचा कर्मचारी मुख्यतः दुसऱ्याच कंपनीच्या जागेत बसून, तिच्या देखरेखीखाली किंवा तिला निव्वळ मनुष्यबळ म्हणून पुरवला जाणार असेल, तर तो अपात्र ठरतो. आमचा सहकारी आठवड्यातले दोन दिवस ग्राहकाकडे जाणार होता. ही गोष्ट लपवण्यासारखी नव्हती, पण पहिल्याच पत्रात स्पष्ट करण्यासारखी नक्कीच होती.

मग जे सुरुवातीला व्हायला हवे होते ते झाले. संस्थेतील एका वकिलांनी त्या सहकाऱ्याशी दीड तास फोनवर बोलणी केली आणि त्यातून कळले की, आमच्या बिलिंग प्रणालीतील हिशेबजुळणीचा भाग त्याने पहिल्या ओळीपासून लिहिला होता आणि त्याच्या हाताखालच्या माणसाला तो स्वतंत्रपणे सांभाळायला १४ महिने लागले होते. प्रशिक्षणाच्या नोंदी आमच्याकडे होत्याच. त्या जोडल्या आणि मंजुरी मिळाली.

त्या खात्याच्या जादा शुल्काच्या जलद सेवेबद्दलही एक खुलासा आवश्यक आहे. आम्हाला ती ‘१५ दिवसांत निकाल’ अशा शब्दांत सांगण्यात आली. प्रत्यक्षात कामाच्या १५ दिवसांत काहीतरी कार्यवाही होते एवढीच ती हमी असते, आणि पुराव्याची मागणी हीदेखील कार्यवाहीच धरली जाते. उत्तर पोहोचल्यावर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.

नेदरलँड्सची फाइल वेळेत झाली, पण तेथील त्रुटी मला अधिक खुपली. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार बदलीवर गेलेल्या व्यवस्थापकाला किंवा तज्ज्ञाला जास्तीत जास्त ३ वर्षे राहता येते. आमच्या सहकारी बाईंनी घर, मुलांची शाळा, सगळे लांबच्या हिशेबाने ठरवत आणले होते आणि ही मर्यादा त्यांना परवाना हाती पडल्यावर कळली. त्यांनी संस्थेला विचारले तेव्हा ‘एचआरशी बोला’ असे उत्तर आले. करार कंपनीशी असल्याने संस्थेच्या लेखी अशील कंपनीच, हे कायद्याने ठीक असेल. सामानसुमान घेऊन देश बदलणारे माणूस मात्र वेगळेच असते. तसेच अमेरिकेच्या माहितीपत्रकात सहकाऱ्याच्या पत्नीने नोकरीसाठी वेगळे कार्ड काढावे, असे छापलेले होते. एल-१ वर गेलेल्याच्या जोडीदाराला मिळणारा दर्जा म्हणजे एल-२, आणि अशा जोडीदाराला त्या दर्जावरच काम करण्याची मुभा नोव्हेंबर २०२१ पासून आहे. हे त्या दोघांनी स्वतः शोधले.

कंपनीने संस्थेशी करार पुढे चालू ठेवला आहे आणि माझा त्याला विरोध नव्हता. पत्र लिहिण्यापूर्वी वकिलांनी कर्मचाऱ्याची किमान एक तास मुलाखत घ्यावी, एवढी अट मी घालून घेतली. चौथी बदली कॅनडाची आहे आणि मुलाखत पुढच्या आठवड्यात ठरली आहे. काल आलेला अर्ज मात्र अजून तोच, बारा ओळींचा आहे.