निवेदन, लोकशाही दिन, आमदार की हरकत : खानदेशातून धोरणाची मागणी न्यायची कुठून?

रावेर-यावलकडच्या केळी उत्पादकांच्या एखाद्या गटाला फळपीक विम्याच्या अटी बदलून हव्या आहेत, असं धरू. एकाची भरपाई अडली आहे अशी ही तक्रार नाही, नियमच बदला अशी मागणी आहे. एवढा फरक लक्षात न घेतल्यानेच बरेच कागद भलत्याच टेबलावर जातात.

जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज विहित नमुन्यात आणि पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, शिवाय तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. विम्याचे पैसे खात्यावर आले नाहीत तर जरूर जा. पण ज्या तापमानावर भरपाई लागू होते ती मर्यादाच बदला म्हणाल, तर अर्ज पहिल्याच छाननीत बाद होईल. केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलचंही तेच. नुसत्या सूचना तिथे तक्रार म्हणून धरत नाहीत. धोरणासाठी हे दोन्ही रस्ते सोडून द्या.

जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देणं सगळ्यात सोपं. फोटो छापून येतो आणि कागद ‘पुढील कार्यवाहीस्तव’ वर जातो. मात्र विम्याच्या अटी जिल्हाधिकारी ठरवत नाहीत. म्हणून तेच निवेदन कृषी विभागाच्या सचिवांना आणि पुण्याच्या कृषी आयुक्तांना थेट पाठवा, आणि तुमच्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांकासह पोच घ्या. निवेदन एक पानाचं पुरे. सध्याच्या शासन निर्णयाचा क्रमांक व तारीख, त्यातला नेमका परिच्छेद, त्याशेजारी तुम्हाला हवं असलेलं वाक्य आणि त्याने शासनावर किती बोजा पडेल, एवढं त्यात हवं. ‘शेतकऱ्यांना न्याय द्या’ या ओळीवर मंत्रालयातल्या कुठल्याही कार्यासनाला (विषय हाताळणाऱ्या शाखेला) टिपणी लिहिता येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. मंत्रालयातला कक्ष अधिकारी स्वतःहून मत देत नाही, तो आयुक्तालयाचा अभिप्राय मागवतो. आयुक्तालय नाशिकच्या विभागीय कृषी सहसंचालकांना विचारतं, ते जळगावच्या जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना, आणि तिथून पत्र तालुक्याला येतं. म्हणजे रावेरहून निघालेला कागद फिरून रावेरलाच! तोवर मूळ पान बाजूला पडलेलं असतं. तालुक्याने ‘सदर बाब शासनस्तरावर निर्णयार्थ आहे’ एवढंच लिहून दिलं, की विषय संपला. म्हणून मुंबईची गाडी पकडण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे आकडे द्या: महसूल मंडळनिहाय हवामान केंद्राच्या नोंदी, पंचनाम्यातलं बाधित क्षेत्र, प्रत्यक्ष मिळालेली भरपाई. अभिप्राय विचारला जाईल त्या दिवशी हे त्यांच्या फायलीत असायला हवं.

आमदारामार्फत विधिमंडळात प्रश्न टाकलात तर विभागाला उत्तर द्यावंच लागतं, हा मोठा फायदा. पण प्रश्न ढिसाळ असला तर ‘हे खरे नाही’ आणि त्याखाली ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं छापून येतं आणि पुढच्या वेळी तेच उत्तर तुमच्याच अंगावर येतं. त्यामुळे तारांकित प्रश्नाचा (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) मसुदा तुम्हीच करून द्या, त्यात मंडळाचं नाव, तारीख आणि आदेश क्रमांक घाला. लक्षवेधी सूचनेवर (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) मंत्र्यांनी आश्वासन दिलं, तर त्याचा पाठपुरावा विधिमंडळाची आश्वासन समिती करते. सत्ताधारी आमदार सरकारला अडचणीत आणणारा प्रश्न सहसा टाकत नाहीत. तेव्हा विधान परिषदेच्या सदस्यांकडेही जाऊन बघा.

आमच्या मते बाहेरच्या माणसाला सगळ्यात भक्कम आधार मिळतो तो हरकती-सूचनांचा. कायद्यानेच पूर्वप्रसिद्धी सांगितली असेल तिथे नियमाचा मसुदा राजपत्रात येतो, बहुधा तीस दिवसांची मुदत असते, आणि आलेल्या हरकती विचारात घेणं कायद्याने बंधनकारक असतं. वीजदराचं उदाहरण घ्या. वीज नियामक आयोगाच्या आदेशात लोकांच्या हरकती, त्यावर महावितरणचं उत्तर आणि आयोगाचा निर्णय असं तिन्ही छापलेलं असतं. धुळ्याच्या यंत्रमागधारकाला इथे सचिवांची ओळख लागत नाही. खोट एवढीच, की विषय आणि वेळ दोन्ही सरकार ठरवतं. मुंबई-पुण्याच्या संस्थांकडे राजपत्र रोज चाळायला माणूस असतो, शहाद्यात मात्र बातमी कळेपर्यंत निम्मी मुदत गेलेली असते. गटातल्या एकाला हेच काम नेमून द्या.

नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात पेसाखालच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) ग्रामसभेच्या ठरावाला गौण खनिज, दारू दुकान, भूसंपादन अशा विषयांत कायद्याचं बळ आहे. त्यापलीकडच्या विषयावर तो ठरावही निवेदनाइतकाच.

रस्ता कुठलाही धरा, दोन महिन्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज टाका: दहा रुपये शुल्क, एकच विषय, शब्द दीडशेच्या आत. ‘निर्णय का घेतला नाही’ असं विचारू नका. आवक क्रमांक देऊन ‘त्यावरील टिपणी व पत्रव्यवहाराच्या प्रती’ मागा. फाइल कुणाच्या टेबलावर अडली ते त्यातच दिसतं.

मसुदा खुला असेल तर बाकी सगळं सोडून हरकत द्या. नसेल तर आधी तालुक्याला आकडे, मग निवेदन, आणि अधिवेशनाच्या बऱ्याच आधी आमदार. विम्याच्या बाबतीत घाई जास्त, कारण अटी एकाच शासन निर्णयाने काही वर्षांसाठी ठरू शकतात. 2021 मध्ये त्या तीन वर्षांसाठी ठरल्या होत्या. विमा कंपन्यांच्या निविदा निघाल्यावर गेलात, तर पुढच्या फेरीची वाट बघावी लागते.